जिन्झू नदीकाठचा तांदूळ



भातात विष कसे शिरते आणि ते कसे रोखावे, हा विषय शेतकी कॉलेजातील एखाद्या प्राध्यापकाने मांडावा, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. आमची हयात कामगार संघटनेत गेली, आणि जे थोडे शास्त्र कळते ते उसन्या पुस्तकांतून. तथापि जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा आमच्या ध्यानात आले की हा इतिहास आमच्याही धंद्यातला आहे. कारखान्यात निर्माण झालेला अपाय अखेर कोणी सोसावयाचा, हा प्रश्न आम्हांला गिरणीच्या दारात रोज भेटतो. तोच तेथे भाताच्या खाचरात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर मिळण्यास माणसाचा एक जन्म खर्ची पडला.

प्रथम जागा समजून घेऊ. जपानच्या मुख्य बेटावर, पश्चिम किनाऱ्याला, तोयामा नावाचा प्रांत आहे. दक्षिणेच्या डोंगरांतून उतरून जिन्झू नदी या प्रांताच्या मैदानात येते आणि समुद्राला मिळते. मैदानातील खाचरांना तिचेच पाणी पाटाने मिळते. वर डोंगरात, शेजारच्या गिफू प्रांतात, कामिओका येथे शिसे व जस्ताची जुनी खाण होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मित्सुई या बड्या व्यापारी घराण्याच्या हाती गेली. रशिया-जपान युद्धाच्या सुमारास, म्हणजे १९०५ च्या आसपास, तेथे जस्त काढण्यास सुरुवात झाली. पुढे प्रत्येक युद्धाबरोबर उत्पादन वाढत गेले.

जस्ताच्या खनिजात कॅडमियम नावाचा धातू अल्प प्रमाणात असतोच. त्या काळी त्याला भाव नव्हता, म्हणून तो कचऱ्याबरोबर नदीत जाई. खनिज दळून वेगळे करण्याच्या पद्धती सुधारल्या तसा हा कचराही अधिक बारीक होत गेला आणि प्रवाहाबरोबर दूरवर वाहू लागला. नदीने तो पाटात आणला, पाटाने खाचरात, आणि खाचराच्या गाळात तो वर्षानुवर्षे साचत राहिला. पाटाच्या तोंडाशी भात खुरटते, अशी शेतकऱ्यांची तक्रार जुनी होती. तिचा बोभाटा झाला तो पिकाच्या नुकसानीपुरता. त्याच शेतातील जो तांदूळ घरी शिजत होता, त्याची चौकशी कोणी केली नाही.

ती चौकशी करावी लागली एका गावच्या डॉक्टराला. नोबोरू हागिनो हे १९४६ साली युद्धावरून परत आले आणि फुचू येथील आपल्या घरच्या दवाखान्यात बसू लागले. तेथे त्यांना एका विचित्र दुखण्याचे रुग्ण भेटू लागले. बहुतेक रुग्ण स्त्रिया होत्या, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या आणि अनेक बाळंतपणे झालेल्या. प्रथम कंबर दुखे, मग चालणे बदकासारखे होई, आणि शेवटी साध्या खोकल्यानेही बरगडी मोडे. ‘इताई, इताई’ असा त्यांचा आक्रोश असे. जपानी भाषेत इताई म्हणजे ‘दुखतं’. १९५५ साली वृत्तपत्रांनी हेच नाव त्या रोगाला दिले. कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसते. तेथून अर्धे निघून जाण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. मूत्रपिंड बिघडले की हाडांना लागणारी द्रव्ये लघवीवाटे वाहून जातात आणि हाडे मऊ पडतात. ज्या बाईने दहा माणसांच्या घरासाठी तो तांदूळ पिकवला आणि रांधला, तिच्याच हाडांनी त्याची किंमत दिली.

हागिनो यांनी रुग्णांची घरे नकाशावर टिंबांनी मांडली. टिंबे पडली ती नेमकी जिन्झूचे पाणी घेणाऱ्या पट्ट्यात. शेजारच्या नद्यांचे पाणी घेणाऱ्या गावांत ती आढळेनात. १९५७ साली त्यांनी खाणीकडे बोट दाखवले, आणि १९६१ साली, कृषितज्ज्ञ योशिओका व रसायनज्ञ कोबायाशी यांच्या साहाय्याने, कॅडमियमचे नाव जाहीर केले. त्यांची वाखाणणी होण्याऐवजी हेटाळणीच अधिक झाली. प्रांताचे नाव खराब होते, तांदूळ खपेनासा होतो, मुलींची लग्ने जमत नाहीत, ही बोलणी त्यांना ऐकावी लागली. ज्याने दुखणे दाखवले तोच गावाचा वैरी ठरतो, हा अनुभव कामगार चळवळीत ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला निराळा सांगावा लागत नाही.

शास्त्र सिद्ध झाले म्हणून न्याय मिळाला नाही. १९६६ साली योशिहिसा कोमात्सू यांच्या पुढाकाराने खोऱ्यातील लोकांनी आपली संघटना उभारली, आणि मार्च १९६८ मध्ये रुग्ण व मृतांचे वारस यांनी तोयामाच्या न्यायालयात कंपनीविरुद्ध दावा गुदरला. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारने हा रोग खाणीच्या कॅडमियममुळे होतो असे मान्य केले. ३० जून १९७१ रोजी रयतेच्या बाजूने निकाल लागला. जपानी खाण कायद्यात एक मोलाचे कलम होते. त्यानुसार खाणमालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नसते. नुकसान त्याच्या खाणीमुळे झाले एवढे दाखवले की पुरे. कंपनी अपिलात गेली, आणि ९ ऑगस्ट १९७२ रोजी तेथेही हरली.

खरी चतुराई लोकांनी दाखवली ती दुसऱ्या दिवशी. नुसती भरपाई घेऊन ते घरी परतले नाहीत. १० ऑगस्टला टोकियोतील मुख्य कचेरीत बसून त्यांनी तीन गोष्टी लेखी घेतल्या : रुग्णांची भरपाई, विषारी जमिनीची दुरुस्ती, आणि तिसरी, आमच्या मते सर्वांत थोर गोष्ट, लोकांना वाटेल तेव्हा आपले तज्ज्ञ घेऊन खाणीत शिरण्याचा व तपासणी करण्याचा हक्क. तपासणीचा खर्च कंपनीचा. त्याच वर्षी पहिली पाहणी झाली आणि पुढे दरवर्षी होत राहिली. वर्षानुवर्षांच्या या तगाद्याने कारखान्याचे नळ, धुराडी, कचऱ्याचे बंधारे सुधारत गेले, आणि नदीतील कॅडमियम निर्मळ नदीच्या जवळपास उतरले. २००१ साली खोदकाम थांबले, परंतु जुने बोगदे आणि कचऱ्याचे ढीग तेथेच राहिले; म्हणून पहाराही राहिला.

आता मातीचे काय झाले ते पाहू. १९७० च्या कायद्याने किलोभर तांदळात १ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालेल असे ठरले होते. २०११ पासून ही मर्यादा ०.४ वर आणली गेली. जिन्झूच्या खोऱ्यातील सुमारे १५०० हेक्टर जमीन दूषित ठरली. पैकी ८६३ हेक्टर शेतजमीन दुरुस्त झाली. विषारी थर खाली पुरावयाचा, त्यावर खडी दाबून बसवावयाची, आणि वर डोंगरातील स्वच्छ माती वीतभर पसरावयाची, अशी ती रीत. बाहेरून आणलेली ही माती निःसत्त्व, तिला खत घालून पुन्हा शेत बनवावे लागले. १९७९ साली सुरू झालेले हे काम २०१२ साली संपले. खर्च सुमारे ४० अब्ज येन. त्यात कंपनीचा वाटा निम्म्याहून कमी, बाकीचा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे सर्व जनतेवर, पडला.

इतका खर्च प्रत्येक ठिकाणी कोण करणार? म्हणून जपानच्या शास्त्रज्ञांनी दोन स्वस्त उपाय शोधले. पहिला पाण्याचा. खाचरात पाणी उभे असले की मातीत हवा राहत नाही. अशा मातीत कॅडमियम गंधकाशी जखडले जाते आणि मुळांना मिळत नाही. शेत सुकवले की ते पुन्हा सुटते. म्हणून भात निसवण्यापूर्वी तीन आठवडे व नंतर तीन आठवडे शेतात पाणी उभे ठेवावयाचे. मात्र येथे एक पेच आहे. कॅडमियम ज्या पाण्याने कोंडले जाते, त्याच पाण्याने मातीतील आर्सेनिक मोकळे होते आणि दाण्यात चढते. एका चोराला कोंडण्यासाठी लावलेली कडी दुसऱ्यासाठी दार उघडते.

दुसरा उपाय बियाण्याचा. भाताचे मूळ मँगनीज आत घेते, आणि त्याच वाटेने कॅडमियम आत शिरते. कोशिहिकारी या नावाजलेल्या वाणाच्या बियांवर कार्बनचे किरण सोडून शास्त्रज्ञांनी ही वाट मोडलेली रोपे मिळवली आणि २०१२ साली ती जगापुढे मांडली. अशा भातात कॅडमियम जवळजवळ चढतच नाही. मग शेत काही काळ कोरडे ठेवून आर्सेनिकलाही आवर घालता येतो. अकिता प्रांतातही जुन्या खाणींमुळे जमिनी बिघडलेल्या आहेत. तेथे याच गुणाचे अकिताकोमाची आर हे वाण २०२५ पासून सर्रास लावण्याचे धोरण ठरले. मँगनीज कमी मिळाल्याने हलक्या जमिनीत या भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडण्याचा धोका असतो, हेही सांगितले पाहिजे.

या उपायांचे आम्ही स्वागत करतो. जेथे खाण केव्हाच बंद पडली आणि जाब विचारण्यास मालकच उरला नाही, तेथे शेतकऱ्याने करावे तरी काय? त्याला पाणी आणि बियाणे हाच आधार. परंतु तिन्ही उपाय शेजारी ठेवून, कष्ट कोणाचे, हे तेवढे पाहा. माती बदलावयाची तर निदान काही खर्च ज्याने घाण केली त्याच्या अंगावर येतो. पाणी राखावयाचे तर रात्री बांधावर शेतकरी उभा राहतो. बियाणे बदलावयाचे तर विष मातीत तसेच राहते, आणि एक दिवस ते कोणी सांडले हे विचारणेही बंद पडण्याचा संभव असतो. कारखान्यात धूळ उडते तेव्हा यंत्रावर झाकण बसवण्यापेक्षा मजुराच्या तोंडाला फडके बांधणे मालकाला स्वस्त वाटते. फडके नको असे आम्ही कधी म्हटले नाही. परंतु फडके मिळाले म्हणून झाकणाची मागणीही सोडली नाही.

जिन्झूच्या लोकांनी नेमके हेच केले. त्यांनी माती घेतली, भरपाई घेतली, आणि खाणीच्या दाराची किल्लीही मागून घेतली. डिसेंबर २०१३ मध्ये कंपनीने माफी मागून अखेरचा समझोता केला, तेव्हा दाव्याला पंचेचाळीस वर्षे उलटून गेली होती. सरकारदप्तरी नोंदलेल्या सुमारे दोनशे रुग्णांपैकी फारच थोडे तो दिवस पाहण्यास उरले होते. त्यांच्या नातवंडांच्या ताटात मात्र आज त्याच नदीच्या पाण्यावर पिकलेला निर्धोक भात आहे. आपल्याकडे एखाद्या गावाने नदीकाठच्या कारखान्याशी करार करावयाचे ठरवले, तर त्यात पैशाचा आकडा घालण्याआधी तपासणीच्या हक्काचे कलम घालावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.