१७. तोमास दानिलेव्हिचियस

जन्म १९७८, क्लाइपेडा. लिथुआनियाचा उंचापुरा सेंटर फॉरवर्ड. लंडनच्या आर्सेनलमध्ये त्याला लीगचे दोनच सामने मिळाले, तेही बदली खेळाडू म्हणून. त्याचे बस्तान बसले ते इटलीत. आव्हेलिनो, लिव्होर्नो, बोलोन्या, ग्रोसेतो अशा क्लबांतून तो खेळला. येथे ज्या सामन्याचा उल्लेख आहे तो २ सप्टेंबर २००६चा, नेपल्समधील, इटलीविरुद्धचा. इटलीने विश्वचषक जिंकून दोन महिनेही झाले नव्हते. विसाव्या मिनिटानंतर लगेच दानिलेव्हिचियसने गोल केला. पुढे इटलीच्या इन्झागीने बरोबरी साधली व युरो पात्रता फेरीतला हा सामना १-१ असा सुटला. देशासाठी ७१ सामन्यांत त्याचे १९ गोल आहेत. २०१८मध्ये तो लिथुआनियाच्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. – संपा.