शब्दांचा घाव आणि रुग्णाचा जीव

वैद्यकाच्या इतिहासात औषधांचे आणि शस्त्रक्रियांचे शोध तपशिलाने नोंदलेले असतात. डॉक्टर आपल्या सहकाऱ्याशी कसा बोलला, याची नोंद सहसा राहत नाही. रुग्णाचा जीव मात्र कित्येकदा त्या बोलण्यावरच अवलंबून असतो.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १९८८ साली रुजू झालेले भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांना हृदयशस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्या अर्भकांचे प्रमाण खटकले. १९९० पासून त्यांनी वरिष्ठांना सावध केले. शस्त्रक्रिया चालूच राहिल्या. २००१ साली इयान केनेडी यांच्या चौकशी अहवालाने निष्कर्ष काढला, की १९९१ ते १९९५ या काळात तेथे एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा अधिक दगावली. ही दुष्ट माणसांची कहाणी नव्हे, असेही अहवालाने बजावले. मोजक्या हातांत एकवटलेली सत्ता आणि परस्परसंवादाचा अभाव हे खरे दोष होते. अवहेलना कठोर शब्दांनीच होते असे नाही; न ऐकणे हेही तिचेच रूप होय.

कठोर शब्दांचा परिणाम २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका प्रयोगाने दाखवून दिला. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांतील २४ पथकांना कृत्रिम बाळावर उपचारांचा सराव दिला गेला. त्यांपैकी काहींना एका परदेशी ‘तज्ज्ञा’कडून उपमर्दकारक शेरे ऐकवण्यात आले. त्या पथकांचे निदानही चुकू लागले आणि हातही. अपमानित माणसे एकमेकांना माहिती देईनाशी आणि मदत मागेनाशी झाली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा-सूची तयार केली. तीत एक साधे कलम आहे : चीर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही सूची वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. याचे श्रेय एकट्या त्या कलमाला देता येणार नाही. पण त्यामागील विचार मोलाचा आहे.

थोरामोठ्यांना उलट उत्तर देऊ नये, हा आपल्या घरांतील जुना संस्कार. शस्त्रक्रियागृहात मात्र कनिष्ठ परिचारिकेने उच्चारलेला ‘थांबा’ हा शब्द उद्धटपणा नसून कर्तव्य असते. तो तिच्या ओठांवर यावा, एवढे सौजन्य वरिष्ठांनी आधीच दाखवलेले असावे लागते. ते सौजन्य हा उपचाराचाच भाग आहे.