वहीतलं चौथं नाव

नाशिकची जुनी माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगाच म्हणतात. १९६९च्या पुराच्या जरा आधीची गोष्ट. मी नऊ वर्षांचा असेन. सिन्नरकडच्या आमच्या मूळ गावाहून भाऊबंद कुणाच्या तरी अस्थी घेऊन आले होते. (कुणाच्या ते विसरलो, आजीने त्यांच्यासाठी केलेलं पिठलं आठवतं.) आजोबांचं बोट धरून मीही गंगेवर गेलो. रामकुंडावरचं आटोपल्यावर उपाध्यायांनी तांबड्या कापडातली लांबोडकी वही सोडली. आधी गाव, मग आडनाव, मग पिढ्या. पणजोबा आणि त्यांचे भाऊ अशी नावं त्यांनी वाचली, मी बोटांवर मोजली. चार भरली.

घरात तर तिघांचंच नाव निघायचं.

"चौथे कोण हो?"

"चल, जिलबी खाऊ," आजोबा म्हणाले. आजोबा आणि आपण होऊन जिलबी! तिथेच पाणी मुरतंय हे कळलं.

आजीने सांगितलं ते कुरडयांचा चीक हाटता हाटता, माझ्या हातात चिकाची वाटी देऊन. "आमच्या सासूबाईंचे धाकटे दीर. फार वाचायचे."

२१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा'चा खेळ होता, बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा. तिथे अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. एवढं मला शाळेतूनही ठाऊक होतं. पण मग गावात झडत्या सुरू झाल्या आणि सासूबाईंनी दिरांची पुस्तकं बंबात घातली, हे आजीकडून कळलं. "दोन दिवस अंघोळीला कडकडीत पाणी होतं बघ!"

धाकटे त्या रात्री नाटकाला होते म्हणे. आत्या म्हणायची, छे, ते नुसते कुणाला तरी जेवणाचा डबा पोचवायचे. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे, देशपांडे फासावर गेले. त्याच सुमारास कधीतरी धाकटेही घरातून गेले, ते परत आले नाहीत. असं आजी म्हणायची, आणि तिला तसंच सांगितलेलं होतं.

मोठेपणी एकदा मुद्दाम गेलो आणि उपाध्यायांना ते पान पुन्हा काढायला लावलं. मोडीतल्या ओळींच्या खाली एक बाळबोध सही होती, धाकट्यांची. साल १९२१, मातोश्रींचं श्राद्ध केल्याची नोंद. पणजोबांची आई त्याच वर्षी गेली होती.

रामकुंडावरून आमच्या वाड्यात यायला तेव्हाही दहाच मिनिटं लागत.