गाठीपुरता ताप

बॉन शहरातले शल्यचिकित्सक विल्हेल्म बुश यांनी १८६६ साली एका विलक्षण रुग्णाची हकीकत मांडली. चेहऱ्यावर सार्कोमाची गाठ असतानाच त्या रुग्णाला धावरे हा त्वचेचा जंतुसंसर्ग झाला, अंग तापाने फणफणले आणि गाठ विरत गेली. न्यूयॉर्कचे विल्यम कोली यांनी १८९१पासून हाच धागा पकडून कर्करुग्णांना मुद्दाम जंतू टोचले. त्यांच्या यशात प्रतिकारशक्तीचा वाटा मोठा होता, हे पुढे उमगले. पण तापाने कर्करोग हटू शकतो, हा विचार वैद्यकात रुजला तो कायमचाच.

त्यात तथ्यही होते. ४२ ते ४५ अंश सेल्सिअसच्या उष्णतेत पेशींमधली प्रथिने बिघडतात. किरणोपचाराने झालेली इजा भरून काढण्याची कर्कपेशींची ताकदही घटते, त्यामुळे किरणांचा मारा अधिक लागू पडतो. मात्र एवढा ताप सगळ्या अंगात भरला तर रुग्णाच्याच जिवावर बेतते. म्हणून या उपचाराच्या कुळकथेत पेच एकच आहे: उष्णता गाठीपुरती ठेवायची कशी?

पहिले धाडसी उत्तर अमेरिकी शल्यचिकित्सक गिलख्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली दिले. आतड्याच्या कर्करोगाची गाठ कापून काढली, तरी रोगाच्या पेशी जवळच्या लसिकाग्रंथींत दडून राहतात आणि सर्जनच्या नजरेतून सुटतात, ही त्यांची चिंता होती. लसिकावाहिन्यांत सोडलेले सूक्ष्म कण वाहत जाऊन त्याच ग्रंथींत अडकतात. मग ते कण लोहाच्या ऑक्साइडचे असले आणि बाहेरून झपाट्याने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावले तर? कुत्र्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी २० ते १०० नॅनोमीटरचे कण आणि १.२ मेगाहर्ट्‌झचे क्षेत्र वापरले, आणि ग्रंथी खरोखर तापल्या. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ‘नॅनो’ची चलती सुरू होण्याच्या कितीतरी आधी एका सर्जनच्या काळजीतून ही कल्पना जन्मली, याचे मला फार अप्रूप वाटते.

हे कण तापतात कसे, याची गुरुकिल्ली त्याआधीच फ्रान्समध्ये सापडली होती. इतक्या बारीक कणाचे चुंबकत्व एकसंध असते आणि ते आपली दिशा उलटवू शकते, हे लुई नेएल यांनी १९४९ साली गणिताने मांडले. बाहेरचे क्षेत्र सेकंदाला लाखभर वेळा मागेपुढे होऊ लागले, की कणाचे चुंबकत्व त्याच्यामागे किंचित रेंगाळते. त्या रेंगाळण्यात खर्ची पडलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते.

दुसरा धागा आला अंतराळातून. वजनरहित अवस्थेत इंधन पंपाकडे ओढायचे कसे, या प्रश्नावर नासाचे स्टीफन पॅपेल यांनी १९६३मध्ये चुंबकाकडे खेचला जाणारा द्रव तयार केला. त्यातले लोह-ऑक्साइडचे कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर लेप चढवण्याची विद्या पुढे वैद्यकाच्या कामी आली.

पण शरीराला मर्यादा असतात. इंडक्शन शेगडीवरच्या भांड्यात विजेचे भोवरे उठून ते तापते. तीव्र क्षेत्रात माणसाच्या निरोगी ऊतींतही तसेच भोवरे उठतात. क्षेत्राची तीव्रता आणि वारंवारता यांचा गुणाकार कुठवर सोसवतो, याची मर्यादा ॲटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली घालून दिली. बर्लिनमध्ये आंद्रेआस जॉर्डन यांच्या गटाने १९९३मध्ये दाखवले, की सोसवेल अशा क्षेत्रात मोठ्या कणांपेक्षा चुंबकीय द्रवातले अतिसूक्ष्म कणच जास्त उष्णता देतात. इथून प्राण्यांवरच्या प्रयोगांची वाट माणसापर्यंत आली.

पुढे बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीच्या उपचाराला २०१०मध्ये मेंदूच्या गाठींसाठी युरोपात मान्यता मिळाली. सुमारे १२ नॅनोमीटर गाभ्याचे, लेप दिलेले कण सुईने थेट गाठीत सोडायचे आणि १०० किलोहर्ट्‌झच्या क्षेत्राने तापवायचे, जोडीला किरणोपचार. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग परतलेल्या ५९ रुग्णांत, रोग परतल्याचे निदान झाल्यापासूनचे मध्यक आयुर्मान १३.४ महिने आढळले. तुलनेसाठी दुसरा गट मात्र त्या अभ्यासात नव्हता. शिवाय दातांत भरलेला धातू आणि दातांवरच्या धातूच्या टोप्या आधी काढाव्या लागत आणि साठलेल्या लोहामुळे नंतरचे एमआरआय बिघडत. २०२२मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

कंपनी बुडाली म्हणून कल्पना बुडत नाही. भौतिकशास्त्राने आपले काम चोख केले आहे. अडले आहे ते कण पोचवण्यापाशी. सुई फक्त दिसणाऱ्या गाठीपर्यंत जाते. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी मध्यक हिशेबाने जेमतेम ०.७ टक्के गाठीत पोचतात, असे टोरंटोच्या संशोधकांना २०१६ साली असंख्य प्रयोगांच्या पाहणीत आढळले. उरलेले बहुतांशी यकृत आणि प्लीहा टिपून घेतात. गिलख्रिस्ट यांना छळत होता तो न दिसणारा कर्करोग. त्याच्यापर्यंत हे कण नेण्यासाठी लागणारे कष्ट आणि पैसा खर्चण्याच्या लायकीचा हा उपचार नक्कीच आहे, अशी माझी खात्री आहे.