छातीवर टेकवलेली फिडल

1736 साली व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर परगण्यात सेंट अँड्र्यूच्या सणाला मोठी जत्रा भरणार होती. ‘व्हर्जिनिया गॅझेट’ने त्याची जाहिरात छापली. खेळ आणि शर्यतींच्या जोडीला फिडलवादकांची चढाओढ होती आणि बक्षीस होतं एक फिडल. सेंट अँड्र्यू हा स्कॉटलंडचा संत. अमेरिका नावाचं राष्ट्र जन्माला यायला अजून चाळीस वर्षं होती, पण स्कॉटिश सण आणि फिडल तिथं केव्हाच रुजले होते.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. फरक काय तो वाजवणाऱ्याच्या हातातला.

सतराव्या शतकात स्कॉटलंडमधली हजारो कुटुंबं उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात वसवली गेली. पुढं खंड वाढले, पिकं बुडाली, धर्माच्या बाबतीत जाच झाला. 1718 पासून याच लोकांचे लोंढे अमेरिकेकडं निघाले. पेनसिल्व्हेनियात उतरायचं आणि ‘ग्रेट वॅगन रोड’ धरून शेनान्डोआ खोऱ्यातून अ‍ॅपलाचियन डोंगरांकडं सरकायचं, हा त्यांचा नेहमीचा रस्ता. सामानात फिडलला जागा फारशी लागत नाही आणि धुनांना तर मुळीच नाही. स्कॉटलंडची ‘लॉर्ड मॅक्डोनाल्ड्स रील’ ही नाचाची धून इकडं ‘लेदर ब्रीचेस’ झाली, ‘मिस मॅक्लाउड्स रील’ला ‘हॉप हाय लेडीज’ म्हणू लागले. सरदार आणि सरदारकन्या गळाल्या, कातडी विजार आली. चाल मात्र आजही ओळखू येते.

इथपर्यंतची हकिगत सगळेच सांगतात, आणि ‘केल्टिक वारसा’ म्हणून तिच्यावर तिकिटंही खपतात. पण ती अर्धीच आहे. दक्षिणेतल्या मळ्यांवर नाचाला फिडल वाजवायचे ते बहुतेकदा गुलाम. पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिरातींत ‘फिडल वाजवतो’ ही खूण वारंवार दिलेली सापडते. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ लिहिणारा सॉलोमन नॉर्थअप फिडलवादकच होता. वादनाचं काम देतो म्हणून भुलवून त्याला पळवलं आणि विकलं. बाँजोचा पूर्वज, भोपळ्यावर कातडं ताणलेलं वाद्य, हाही पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या माणसांचा ठेवा. बाँजोच्या संगतीत फिडलचा गज ठेका धरू लागला, आघात आडवेतिडवे पडू लागले. आयरिश रील आणि अ‍ॅपलाचियन रील यांत जो फरक कानाला लगेच कळतो, त्यातला बराचसा या हातांनी केलेला आहे. पुढं जोएल स्वीनी हा व्हर्जिनियाचा गोरा वादक काळ्या माणसांकडून बाँजो शिकला आणि 1840 च्या दशकात तो घेऊन ब्रिटन-आयर्लंडच्या दौऱ्यावर गेला. आज आयरिश संगीताच्या बैठकीत बाँजो दिसला तर तो अटलांटिक उलटा ओलांडून आलेला पाहुणा आहे.

डोंगरातल्या फिडलवाल्यांची आणखी एक लकब आपल्याकडच्या श्रोत्याला चटकन कळेल. खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवून ते वाद्य सा-प-सा-प असं लावतात. मग गज शेजारच्या मोकळ्या तारेलाही घासत जातो आणि धुनेखाली तंबोऱ्यासारखा नाद चालू राहतो. कर्नाटक संगीतातलं व्हायोलिनही याच मेळात लागतं. ते तिथं पोचलं मद्रासच्या गोऱ्या वादकांकडून. बालुस्वामी दीक्षितर व्हायोलिन शिकले आणि त्यांचे बंधू मुथुस्वामी यांनी गोऱ्यांच्या बँडच्या धुनांवर संस्कृत शब्द बसवले. त्यांची ‘वंदे मीनाक्षी’ ही रचना आयर्लंडच्या ‘रेक्स ऑफ मॅलो’ या चालीवर आहे. सरफोजीराजांच्या मराठी अमलातल्या तंजावरात वाढलेले वडिवेलू हे व्हायोलिनच्या पहिल्या नामवंत वादकांपैकी. आयरिश धून पश्चिमेला गेली तशी पूर्वेलाही आली, एवढंच.

तेव्हा मिसळणं हा या वाद्याचा जुनाच धंदा. नवीन गोष्ट वेगळी आहे: फिडलवाल्यानं गाणं, आणि तेही स्वतः रचलेलं.

फिडल होती नाचासाठी. जुनी कथागीतं घराघरांत, बहुधा बायकांच्या तोंडी, साथीविना गायली जात. 1916 ते 1918 या काळात सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस या इंग्रज संग्राहकांनी डोंगर पालथे घालून सुमारे सोळाशे चाली टिपल्या, त्या मुख्यतः अशा गळ्यांतून. फिडलकडं शार्प यांनी फारसं लक्ष दिलं नाही, काळ्या गायकांकडं त्याहून कमी. दोन प्रवाह जवळ आले ते हळूहळू, आणि वाद्य धरण्याच्या रीतीची त्यात मदत झाली. डोंगरातले कितीतरी वादक फिडल हनुवटीखाली न दाबता छातीवर टेकवत. तोंड मोकळं राहतं. वाजवता वाजवता नाचणाऱ्यांना हाळी देता येते, आणि गाताही येतं.

1923 च्या जून महिन्यात अटलांटामध्ये फिडलिन जॉन कार्सन यांनी ‘ओके’ या तबकड्यांच्या कंपनीसाठी असंच गात गात वाजवलं. कंपनीच्या राल्फ पीर यांना तो आवाज सहन झाला नव्हता. एका स्थानिक विक्रेत्याच्या आग्रहाखातर पाचशे तबकड्या काढल्या, त्या हातोहात खपल्या, आणि पीर यांचं मत बदललं. खेड्यातल्या संगीताला बाजार आहे हे कंपन्यांना कळलं ते इथं. आयर्लंडमधल्या स्लायगोहून न्यूयॉर्कला आलेल्या मायकेल कोलमन यांच्या तबकड्या त्याच दशकात आयर्लंडला परत जाऊ लागल्या, आणि तिथली पोरं अमेरिकेत छापलेल्या आवाजावरून आयरिश फिडल शिकू लागली.

स्वतः गाणी रचणारे असे एक फिडलवाले म्हणजे जॉन हार्टफर्ड. त्यांचं ‘जेंटल ऑन माय माइंड’ हे गाणं 1967 मध्ये आलं. ग्लेन कॅम्बेल यांच्या गळ्यातून ते घराघरांत पोचलं आणि स्वामित्वधनाच्या पैशानं हार्टफर्ड यांना मोकळीक मिळाली. तिचा उपयोग त्यांनी केला तो नदीवरची बोट हाकायला, पायाखाली लाकडी फळी टाकून नाचत, गात, फिडल वाजवायला आणि एड हेली या अंध वादकाच्या घरगुती तबकड्यांतून गजाची वळणं उलगडायला. असं काही करायला विक्षिप्तपणा लागतो, तो त्यांच्याकडं होता.

टिम ओब्रायन हेही याच वाटेवरचे. त्यांचा जन्म 1954 मधला, वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगचा. डोंगरातलं खेडं नव्हे, ओहायो नदीकाठचं कारखान्यांचं शहर, जिथल्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीए केंद्रावरून ‘जंबोरी’ हा गाण्यांचा कार्यक्रम दूरवर ऐकू जाई. फिडल, मँडोलिन आणि गीतलेखन ही तिन्ही कामं ते करतात. 1999 च्या ‘द क्रॉसिंग’मध्ये त्यांनी जुन्या चाली आणि स्वतःची गाणी शेजारी मांडून आयर्लंड ते अ‍ॅपलाचिया हा प्रवास सांगितला, आयरिश आणि अमेरिकन वादकांना एकत्र बसवून. 2005 च्या ‘फिडलर्स ग्रीन’ला पारंपरिक लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. पण त्याआधीच, 2001 मध्ये, ‘द क्रॉसिंग’चा धागा पुढं नेणारा अल्बम आला होता. त्याचं नाव ‘टू जर्नीज’.