अक्षरमाला व सूची, संगणकीय

संगणकाच्या आज्ञावलीत ओळीने मांडलेल्या वर्णचिन्हांच्या समुदायास अक्षरमाला आणि क्रमाने ठेवलेल्या घटकांच्या समुदायास सूची म्हणतात. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील निफाड, लासलगाव, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव ही क्रमवार स्थानके म्हणजे सूची. तिच्यातील ‘मनमाड’ हे नाव म्हणजे अक्षरमाला.

सूचीवर आधारलेली लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये आरंभिली. अक्षरमालांसाठी स्नोबोल ही भाषा बेल प्रयोगशाळेत १९६२ मध्ये तयार झाली. नवशिक्यांसाठी केमेनी व कुर्ट्‌झ यांनी डार्टमथ महाविद्यालयात १९६४ मध्ये रचलेल्या बेसिक भाषेचा भर मात्र प्रथम अंकगणितावर होता. अक्षरमाला साठविणारी चले तिच्यात नंतर आली. मुलांसाठी १९६७ मध्ये निघालेल्या लोगो भाषेत शब्द व सूची हेच मूळ घटक होते. खीडो व्हान रॉसम यांची पायथन ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सूचीतील घटक जागच्या जागी बदलता येतो, अक्षरमालेतील वर्ण मात्र बदलता येत नाही. नवी अक्षरमालाच करावी लागते. मोजणी शून्यापासून होत असल्याने वरील सूचीत मनमाडचा क्रमांक २ येतो.

या सर्व भाषा रोमन लिपी गृहीत धरून घडल्या. देवनागरीत वर्ण व अक्षर यांत भेद असल्याने खरी अडचण तेथे उद्‌भवते. ‘मनमाड’ या नावात वाचकाला म, न, मा, ड अशी चार अक्षरे दिसतात. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत (२००८) त्याची लांबी ५ भरते, कारण काना स्वतंत्र चिन्ह आहे. यूटीएफ-८ या संकेतनात त्यालाच १५ बाइट लागतात. पहिली तीन चिन्हे घेतल्यास ‘मनम’ उरते व काना गळतो. नाव उलटे केल्यास ‘डमानम’ऐवजी ‘डामनम’ मिळते, म्हणजे म चा काना ड ला चिकटतो. उपाय असा, की प्रथम अक्षरमालेची ‘म, न, मा, ड’ अशी सूची करावी, ती उलटावी व पुन्हा जोडावी. हे नवशिक्याला सुचणे कठीण. इंग्रजी उदाहरणांवर बेतलेल्या पाठ्यपुस्तकात तर हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतपद्धती भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये प्रसृत झाली. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) जिस्ट तंत्राद्वारे तिचा प्रसार केला. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. दोहोंत चिन्हे उच्चारक्रमाने साठविली जातात; म्हणून ‘नाशिक’मधील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना श च्या आधी दिसली, तरी स्मृतीत त्याच्या नंतर येते.

वर्णानुक्रम लावताना आणखी एक घोटाळा होतो. केवळ संकेतांकांवरून लावलेल्या सूचीत क्ष हे जोडाक्षर क मध्ये पडते आणि ळ हा ल च्या पाठोपाठ, व च्या आधी येतो. मराठी कोशांच्या परिपाठाप्रमाणे ळ चे स्थान ह नंतर व क्ष, ज्ञ यांचे त्याही पुढे आहे. त्यामुळे मराठी नावांच्या याद्यांसाठी तुलनेचे नियम वेगळे द्यावे लागतात.