यॉर्कचे मौन : शरीरसौष्ठव आणि संप्रेरके यांच्या इतिहासातील एक प्रकरण

पुरुषसंप्रेरके घेऊन स्नायू वाढविण्याच्या प्रथेचा इतिहास लिहू जाता अभ्यासकापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. ही प्रथा ज्या काळात आणि ज्या स्थळी रुजली, तेथील व्यायामविषयक नियतकालिके चाळली, तर तिचा उल्लेख जवळजवळ आढळतच नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील यॉर्क या गावाहून बॉब हॉफमन १९३२ पासून ‘स्ट्रेंग्थ अँड हेल्थ’ हे मासिक काढीत असे. १९६० च्या सुमाराचे त्याचे अंक पाहावेत, तर त्यांत आहार आहे, प्रथिनांच्या पुडांच्या जाहिराती आहेत, नव्या व्यायामपद्धतीची मुक्तकंठाने केलेली स्तुती आहे. नाही ती केवळ गोळी. पुढे झालेल्या हानीचे मूळ बरेचसे या मौनातच शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गोळीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८४९ साली गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड याने खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या उदरात वृषणाचे रोपण केले, तेव्हा त्यांचा तुरा, आरव व झुंजार वृत्ती कायम राहिली. वृषणातून रक्तात काहीतरी मिसळते हे त्यावरून सूचित झाले. १८८९ च्या १ जून रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र परिषदेपुढे ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने आणखी धाडसी निवेदन केले. कुत्रे व गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतल्याने आपणास गेलेले बळ परत मिळाले, असे त्याने सांगितले व पुराव्यादाखल शक्तिमापक यंत्रावरील आकडेही दिले. हे आकडे त्याने खोटे रचले असे मानण्याचे कारण नाही. परंतु पाण्यात काढलेल्या अशा अर्कात संप्रेरकाचा अंश इतका नगण्य उतरतो की, त्या वृद्ध विद्वानास लाभलेले बळ श्रद्धेचेच असले पाहिजे. खरे द्रव्य हाती येण्यास १९३५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अॅम्स्टरडॅम येथे लाकर व त्याचे सहकारी यांनी बैलांच्या वृषणांतून शुद्ध टेस्टोस्टेरोन वेगळे केले. लागलीच बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कृत्रिम रीतीने सिद्ध केले. या दोघांस १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मन सैनिकांस दुसऱ्या महायुद्धात हे द्रव्य देत, अशी एक कथा पुस्तकांतून वारंवार येते; तिला समकालीन कागदपत्रांचा आधार कोणी दाखविलेला नाही, सबब ती येथे सोडून देतो.

यॉर्कची हकीकत १९५४ पासून सुरू होते. त्या वर्षी व्हिएन्ना येथे जागतिक भारोत्तोलन स्पर्धा भरल्या. अमेरिकन संघाबरोबर गेलेला डॉक्टर जॉन झीग्लर यास एका सोव्हिएत वैद्याने, आपले मल्ल टेस्टोस्टेरोन घेतात, असे सांगितल्याची हकीकत झीग्लरच्याच आठवणींवरून प्रसिद्ध आहे. संभाषण शब्दशः खरे मानण्याची गरज नाही; त्यामागची चिंता मात्र निश्चित खरी होती. महायुद्धानंतर काही वर्षे भारोत्तोलनात अमेरिकेचे वर्चस्व होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अमेरिकेस चार सुवर्णपदके व सोव्हिएत संघास तीन मिळाली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हेच प्रमाण एकास पाच असे उलटले. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत हा केवळ खेळातील पराजय नव्हता.

१९५८ मध्ये सिबा या औषधकंपनीने मेथँड्रोस्टेनोलोन हे द्रव्य ‘डायनाबॉल’ या नावाने अमेरिकेत विक्रीस आणले. दुखण्याने क्षीण झालेल्या रुग्णांस मांस धरता यावे, हा त्याचा हेतू. झीग्लरने ते यॉर्कच्या मल्लांस देण्यास आरंभ केला. बिल मार्च व लुई रीकी हे त्यांतील प्रमुख. याच वेळी हॉफमनच्या मासिकाने ‘आयसोमेट्रिक’ व्यायामाचा, म्हणजे सांधा न हलविता स्नायू ताणून धरण्याच्या व्यायामाचा, डांगोरा पिटण्यास प्रारंभ केला. या पद्धतीस शास्त्राधार अगदीच नव्हता असे नाही. हेटिंगर व म्युलर या जर्मन संशोधकांनी १९५३ मध्ये तिजविषयी प्रबंध प्रसिद्ध केला होता. तथापि मार्च व रीकी यांची जी झपाट्याने प्रगती झाली, तिचे सारे श्रेय मासिकाने या एका पद्धतीस दिले, आणि त्यासाठी लागणारी लोखंडी चौकट यॉर्कच्याच कारखान्यातून विकली. गावोगावच्या तरुणांनी चौकटी विकत घेतल्या, प्रामाणिकपणे ताणून पाहिले, आणि आपल्या अंगी तसे बळ येत नाही हे पाहून ते हिरमुसले. यथावकाश खरे कारण कानोकानी पसरले. जॉन फेअर या इतिहासकाराने १९९३ मध्ये या प्रकरणाची साधार छाननी केली आहे. आयसोमेट्रिकची लाट ओसरली ती का, याचा उलगडा तेथे उत्तम होतो.

जी गोष्ट उघड सांगितली जात नाही, तिची मात्राही उघड सांगितली जात नाही. झीग्लरचा भर दिवसास पाच-दहा मिलिग्रॅमवर होता. मल्लांनी सरळ हिशेब केला: एका गोळीने इतके, तर दहांनी किती? स्वतःच्या रुग्णांवरचा ताबा सुटला हे पाहून झीग्लरने पुढे हा नाद सोडला, आणि १९८३ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी आपल्या या कृत्याबद्दल त्याने तीव्र खेद व्यक्त केला. त्याच वर्षी सिबानेही डायनाबॉल बाजारातून काढून घेतले. येथे हेही नमूद करावे की, लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत १९५१ मध्ये मनतोष रॉय व १९५२ मध्ये मनोहर ऐच यांनी आपापल्या गटांत विजय मिळविला, तेव्हा ही गोळी बाजारात आलेलीच नव्हती.

दुसरा दोष वैद्यकाच्या पदरी घालणे भाग आहे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या मान्यवर संस्थेने १९७७ मध्ये असे मत प्रकट केले की, या द्रव्यांनी बळ वाढते यास निर्णायक पुरावा नाही. आखाड्यातल्या माणसास तर रोज आरशात पुरावा दिसत होता! परिणामी, याच वैद्यांनी यकृताविषयी व हृदयाविषयी जे इशारे दिले, तेही त्याने तितकेच पोकळ ठरविले. संस्थेने १९८४ मध्ये आपले मत सुधारले. परंतु १९९६ साली भसीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रेचाळीस पुरुषांवर काटेकोर प्रयोग केला, तेव्हा कुठे वादाचा निकाल लागला. आठवड्यास ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन दहा आठवडे टोचून घेऊन जे व्यायामही करीत, त्यांचे चरबीविरहित वजन सरासरी सहा किलोंनी वाढले. मल्लांचे म्हणणे खरे होते, आणि वैद्यांचे इशारेही खरे होते. दोन्ही सत्ये एकाच वेळी बोलणारा कोणी मधल्या वीस वर्षांत क्वचितच भेटतो.

इशारे कसले होते? साधे टेस्टोस्टेरोन तोंडाने घेतले तर यकृत त्याचा बहुतांश नाश करते. डायनाबॉलच्या रेणूस सतराव्या स्थानी मेथिल गट जोडलेला असल्याने ते यकृतातून निभावते. पण याच युक्तीमुळे यकृतावर भार पडून कावीळ, रक्ताने भरलेल्या पोकळ्या व गाठी उद्भवतात. बाहेरून संप्रेरक आले की मेंदूतळाची पीयूषिका ग्रंथी वृषणांस आज्ञा देणे थांबविते. वृषणे आक्रसतात, वीर्यात शुक्रजंतू उरत नाहीत. जादा संप्रेरकाचा काही भाग स्त्रीसंप्रेरकात रूपांतरित होऊन पुरुषास स्तन येतात, ही या प्रथेतील क्रूर थट्टा म्हणावी लागेल. औषध सोडल्यावर स्वतःचे संप्रेरक पूर्ववत होईपर्यंत महिनेच्या महिने खिन्नता ग्रासते, आणि पुष्कळजण केवळ तीपायी पुन्हा सुईकडे वळतात.

कायदा आला तो उशिरा. ऑलिंपिक समितीने १९७५ मध्ये या द्रव्यांवर बंदी घातली, व १९७६ च्या माँट्रियल स्पर्धेत प्रथमच तपासणी केली. दोषी ठरलेल्या आठांपैकी सात भारोत्तोलक होते. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने ही द्रव्ये नियंत्रित औषधांत गणली गेली. परंतु शरीरसौष्ठवाच्या व्यावसायिक स्पर्धा या तपासणीपासून बहुधा दूरच राहिल्या. तेथे टेस्टोस्टेरोनच्या जोडीस वृद्धिसंप्रेरक, इन्शुलिन आणि स्पर्धेच्या आदल्या दिवसांत अंगातले पाणी काढणारी मूत्रल औषधे आली. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर कातडीखाली चरबीचा मागमूस नसलेल्या देहासाठी जगभर नावाजला होता. १९९६ च्या मार्चमध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी पोटातील रक्तस्रावाने व अवयव निकामी होऊन त्याचा अंत झाला.

अशा एकेका मृत्यूवरून प्रमाण सिद्ध होत नाही, हा आखाड्यातील नेहमीचा आक्षेप, आणि तो तर्कदृष्ट्या योग्य आहे. त्याचे उत्तर २०१७ मध्ये मिळाले. बॅगिश व सहकाऱ्यांनी वजने उचलणाऱ्या १४० पुरुषांची हृदये तपासली. संप्रेरके न घेणाऱ्यांत डावा कप्पा दर ठोक्यास आपल्यातील सरासरी ६३ टक्के रक्त बाहेर टाकीत होता, घेणाऱ्यांत ५२ टक्के. ज्यांनी घेणे थांबविले होते त्यांच्या हृदयाची ही शक्ती चालू सेवन करणाऱ्यांपेक्षा बरी आढळली. हृदयाच्या रोहिण्यांत साचलेला थर मात्र आयुष्यात एकंदर किती वर्षे सेवन झाले, त्या मानाने अधिक होता.